थांबची खूण

साइटवर त्याला सगळे वरचा म्हणायचे. टॉवर क्रेनच्या केबिनमध्ये त्याने बत्तीस वर्षं काढली होती, आणि एवढ्या वर्षांत जमिनीवरच्या माणसांबद्दल त्याचं एकच मत झालं होतं, की ती सगळी मूर्ख आहेत. सुपरवायझर मूर्ख, इंजिनिअर त्याहून मूर्ख, काँक्रीट ओतणाऱ्यांबद्दल तर विचारूच नका. वय एकसष्ट, मान आखूड, भुवया जाड आणि राग कायम नाकावर. सकाळी सातला एकशे शहाऐंशी पायऱ्यांची शिडी चढून तो केबिनमध्ये शिरायचा, दार ओढून घ्यायचा, आणि मग कुठे त्याच्या कपाळावरच्या आठ्या जरा सैल पडायच्या. जेमतेम एका खाटेएवढी जागा. एक सीट, दोन्ही हातांशी दोन दांडे, पायाखाली काच. पण जगात आपली म्हणावी अशी त्याला तेवढीच जागा होती, आणि ती आपल्याकडून कोण कधी काढून घेतंय या धास्तीत तो जगत होता. साठी उलटलेल्या ऑपरेटरला दर वर्षी तब्येतीचा दाखला लागतो. दाखला नाही तर केबिन नाही, इतका साधा हिशेब.

वरच्याला जमिनीवरून खुणा करणारा तो अर्थातच खालचा. हा सिग्नलमन वरच्याच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ होता, आणि हे दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. अबोला म्हणजे तरी कसा? दोघांच्याही खांद्याला वॉकी-टॉकी, साइटभर एकच चॅनल, सगळे त्यावर दिवसभर कोकलत असायचे. पण खालच्याने त्यावर वरच्याशी कधी चकार शब्द काढला नाही. नारिंगी हातमोजे घालून तो मोकळ्या जागी उभा राहायचा आणि नुसत्या हातांनी बोलायचा. बोट वर करून फिरवलं की उचल. एक हात दुसऱ्यावर स्थिर धरला की हळू. दोन्ही हात बाजूला पसरले की थांब. ही शेवटची खूण सगळ्यांत मोठी. ती कुणीही दिली, अगदी रस्त्याने चाललेल्या परक्या माणसाने दिली, तरी ऑपरेटरने दांडे सोडायचे, म्हणजे क्रेन जागीच थांबते. या धंद्यात शिकवतात ती पहिली गोष्ट हीच.

आणि खालच्यासारखे स्वच्छ हात अख्ख्या साइटवर कुणाचे नव्हते. वरचा त्याला पाण्यात पाहायचा, पण दुसरा सिग्नलमन दिला की दांडे हातात घ्यायलाच नकार द्यायचा. "तोंड बघायची इच्छा नाही त्याचं," तो म्हणायचा, "पण हात त्याचेच पाहिजेत."

भांडण लागलं ते सळ्यांच्या एका गठ्ठ्यावरून. अकरा वर्षांपूर्वी तो गठ्ठा खाली येताना थांबायला हवा होता तिथे थांबला नाही, आणि सळ्या बांधणाऱ्या एका कामगाराच्या पायावर आला. पाय घोट्यापासून गेला. चौकशी बसली. खालचा म्हणाला, मी थांब दाखवलं होतं. वरचा म्हणाला, छे, हळू दाखवलं होतं, मी हळूच आणत होतो. वरच्याची नोकरी तेव्हा एकवीस वर्षांची, खालच्याची चार. कुणाचं खरं मानलं जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. खालच्याचा सिग्नलचा बिल्ला वर्षभरासाठी गेला. सुपरवायझर व्हायचं त्याचं घाटत होतं, ते राहिलंच. पाय गेलेल्या माणसाला कंपनीने स्टोअरच्या खिडकीत बसवलं. तिथून तो हेल्मेटं, हातमोजे आणि पट्टे वाटायचा. सगळ्यांना हातात द्यायचा, खालच्याला मात्र खिडकीच्या फळीवर फेकायचा. अकरा वर्षं फेकत होता.

वर्ष संपल्यावर वरच्यानेच सांगून मेव्हण्याला पुन्हा सिग्नलवर घेतलं. हे आपले उपकार आहेत असं त्याचं ठाम मत होतं, आणि त्याबद्दल मेव्हण्याने कधी आभार मानले नाहीत म्हणून तो बायकोजवळ बोटं मोडायचा. बायकोचं माहेर तेव्हापासून तुटलं ते तुटलंच. भावाने उंबरा ओलांडायचा नाही, असा या गृहस्थाचा हुकूम होता.

आता या गृहस्थाचं दुखणं. ते त्याने जितकं लपवलं तितकं लोक सोनंही लपवत नाहीत. सकाळी चहा बंद, पाणी बंद, ओठांना पापुद्रे. बाहेर कुठे जायचं झालं की आधी मुतारी कुठे आहे याची चौकशी. एकदा आत गेला की दहा मिनिटं भिंतीकडे तोंड करून उभा, धार म्हणावी तर नाही, थेंब थेंब, आणि बाहेर येऊन दोन पावलं टाकली की पुन्हा जावंसं वाटायचं. बायको म्हणायची, "अहो, दाखवा की कुणाला तरी." तो म्हणायचा, "तू तुझं बघ." केबिनमध्ये सीटखाली पिवळ्या झाकणाची एक रुंद तोंडाची बाटली होती. एकशे शहाऐंशी पायऱ्या दर तासाला कोण उतरणार, आणि उतरताना सगळ्यांनी का पाहायचं?

एका मंगळवारी ती बाटलीही कामाला आली नाही. सकाळी नऊपासून त्याचं ओटीपोट दगडासारखं झालं होतं. बाटली धरून बसला तर एक थेंब नाही. दहा वाजता दांड्यावरचा हात थरथरायला लागला, आणि हुकाला लटकलेली काँक्रीटची बादली हवेत झोके घ्यायला लागली. खालच्याने तीन सेकंद ते पाहिलं आणि दोन्ही हात बाजूला पसरले. थांब. मग कधी नव्हे ते वॉकी-टॉकी तोंडाशी धरून तो सुपरवायझरला म्हणाला, "वरच्याला काहीतरी झालंय. उतरवून घ्या."

उतरवायला दोन माणसं आणि पाऊण तास लागला. प्रत्येक पायरीवर वरचा मेव्हण्याला शिव्या देत होता. चुगली केली, डाव साधला, अकरा वर्षांचा वचपा काढला. साइटच्या जीपमध्ये सोबत म्हणून कुणाला तरी बसवायला हवं होतं. सुपरवायझरने नातेवाईक म्हणून खालच्यालाच बसवलं. मूर्ख म्हणतात तो असा.

इस्पितळात पडदा ओढून डॉक्टरबाईंनी नळी घातली. डॉक्टरबाई वरच्याच्या मुलीच्या वयाच्या असतील, त्यामुळे त्याच्या अंगाचा आणखी तिळपापड झाला. पण मग पिशवी भरायला लागली. अर्धा लिटर, पाऊण, जवळजवळ एक लिटर. वरच्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोटातला दगड विरघळला, जबडा सुटला, आणि आयुष्यात प्रथमच त्याला समोरच्या माणसाचा राग येईनासा झाला. नेमकं त्याच क्षणी डॉक्टरबाईंनी कागदावर पेन टेकवून विचारलं, "हा त्रास कधीपासून आहे? नीट आठवून सांगा, त्यावर उपचार ठरतात."

"अकरा वर्षं," वरचा डोळे मिटून म्हणाला. "तेव्हापासून बाटली घेऊन बसतोय वर."

पडद्यापाशी खालचा उभा होता. त्याच्या हातात वरच्याचं हेल्मेट आणि बूट होते.  हेल्मेट त्याने खुर्चीवर ठेवलं, बूट खाली नीट जोडून ठेवले, आणि बाहेर जाऊन बसला. वरच्याने डोळे उघडले तेव्हा आपण काय बोलून गेलो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि इतका वेळ जे सुख वाटत होतं ते पार आटलं.

पुढचे आठ दिवस गोळ्या देऊन पाहिल्या. नळी काढली, संध्याकाळपर्यंत पुन्हा अडकलं, पुन्हा नळी. मग डॉक्टरबाईंनी चित्र काढून समजावलं. "मूत्राशयाच्या तोंडाशी ही प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते, अक्रोडाएवढी. लघवीचा मार्ग तिच्या मधून जातो. वयाबरोबर ती वाढते. तुमची लिंबापेक्षा मोठी झालीय, त्यामुळे मार्ग आवळला गेलाय."

"फळबाजार पुरे," वरचा म्हणाला. "मला वर कधी जाता येईल ते सांगा."

शेजारची नर्स दचकली. "काका, असं अभद्र बोलू नये."

"क्रेनवर हो!" तो खेकसला.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. दोन मार्ग आहेत, त्या म्हणाल्या. एक म्हणजे आतून वाढलेला भाग खरवडून काढायचा. पक्कं काम, पण इस्पितळात मुक्काम आणि दीड महिना घरी. दुसरा वाफेचा. मार्गातून एक बारीक उपकरण आत न्यायचं, त्यातून सुई ग्रंथीत जाते आणि नऊ सेकंद वाफ सोडते. असं चार-पाच वेळा. वाफेने तेवढा भाग मरतो, शरीर त्याची आपोआप विल्हेवाट लावतं, मार्ग मोकळा होतो. कापाकापी नाही, त्याच दिवशी घरी.

"वाफ," वरचा म्हणाला.

"पुढचं ऐका. वाफेनंतर आधी सूज वाढते. आठवडाभर नळी राहील. नळी निघाली की दोन-तीन आठवडे जळजळ, मधूनच रक्त, आणि घाई. लागली की थांबवत नाही अशी घाई. खरा फरक महिन्याने कळेल, पूर्ण तीन महिन्यांनी. ती घाई जाईपर्यंत क्रेन नाही. मी तपासून कागद दिल्यावरच चढायचं."

यातलं 'त्याच दिवशी घरी' एवढंच वरच्याने ऐकलं. दीड महिन्यात त्याच्या सीटवर दुसरा कुणी बूड घट्ट करून बसला असता. तसा एक बदली ऑपरेटर बसलाही होता.

वाफेच्या दिवशी परत न्यायला घरचं माणूस हवं, अशी इस्पितळाची अट. बायकोला गाडी चालवता येत नव्हती. तिने नवऱ्याला न विचारता भावाला फोन केला, आणि सकाळी आठला तो दारात उभा राहिला. उंबरा ओलांडला नाही. वरचा पिशवी सांभाळत, तोंड वाकडं करून गाडीत मागे बसला, पुढे नाही.

आत त्याला झोपवून पाय वर बांधले. गुंगीचं थोडं औषध दिलं, पण शुद्ध होती. बत्तीस वर्षं ज्याने सगळ्यांना डोक्यावरून पाहिलं, त्याच्या डोळ्यांसमोर आता एक पांढरं छत होतं, आणि बाकीचे सगळे त्याला जिथून पाहू नये तिथून पाहत होते. त्याला मनापासून सगळ्यांचा तिरस्कार वाटला.

"पहिली वाफ," डॉक्टरबाई म्हणाल्या. "नऊ सेकंद. हलू नका."

आत खोल कुठेतरी उष्ण, बोथट, किळसवाणी कळ आली. नर्स हळू आवाजात मोजायला लागली. एक, दोन, तीन. वरचाही मोजायला लागला, कारण मोजायची त्याला सवय होती. नऊ सेकंदांत किती काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? नऊ सेकंदांत गठ्ठा दोन मजले उतरतो.

त्या दिवशीही तेवढाच वेळ लागला होता. बाटली नवी होती, सवय नव्हती. त्याने उजवा हात दांड्यावर ठेवला, डाव्याने झाकण फिरवलं, मान खाली घातली. थेंब येईना. चार, पाच. त्याला वाटलं, आत्ता येईल. सहा, सात. गठ्ठा उतरतच होता. मग त्याने मान वर करून काचेतून पाहिलं, तर खाली दोन्ही हात पसरलेले. पूर्ण पसरलेले, खांद्याच्या रेषेत, बोटंसुद्धा ताणलेली. हळूबिळू काही नाही. थांब. कधीपासून पसरले होते देव जाणे. आठ. त्याने दांडा सोडला. नऊ.

"झालं," नर्स म्हणाली. "आता दुसरी."

पाच वाफा झाल्या. पाचही वेळा तो गठ्ठा खाली आला.

दुपारी गुंगी उतरायची वाट पाहत तो खाटेवर पडला होता. खालचा स्टुलावर बसला होता.  मग अकरा वर्षांत पहिल्यांदा खालच्याने तोंड उघडलं. आवाज वरच्याला ओळखीचा वाटेना.

"बाटली कुठे ठेवायचात, दाजी?"

खोटं बोलायला गुंगीत जमलं नाही. "सीटखाली."

"त्या दिवशी पण?"

वरच्याने छताकडे पाहिलं.

"मी घरी जाऊन आरशासमोर उभा राहायचो," खालचा म्हणाला. "हात पसरायचे, बघायचे. पुन्हा पसरायचे. वाटायचं, माझेच हात अर्धे राहिले असतील. तुम्ही शपथेवर सांगितलंत ना, हळू होतं म्हणून. मला वाटलं, एवढा जुना माणूस, सख्खे दाजी, खोटं कशाला बोलतील? माझंच चुकलं असेल. अकरा वर्षं मी रोज सकाळी आरशासमोर हात पसरतोय. बायको मला वेडा म्हणते."

एवढे स्वच्छ हात कुठून आले ते वरच्याला तेव्हा कळलं. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून मेव्हण्याचा आणखी राग आला. या माणसाचं हे असंच होतं.

"मग सांग जा सगळ्यांना," तो म्हणाला. "वाजव ढोल."

"माझं कोण ऐकणार? तेव्हा ऐकलं का? ते तुम्हालाच सांगावं लागेल. स्टोअरवाल्याला सांगावं लागेल."

"आणि मी सांगितलं की पुन्हा चौकशी. केबिन जाईल माझी."

"जाऊ दे."

"तुझ्या सांगण्यावर?" वरचा कोपरावर उठला, नळी ओढली गेली, कळवळून पुन्हा पडला. "जेमतेम चार वर्षांची नोकरी होती तुझी तेव्हा. मी घेतला तुला परत. मी! नाहीतर विटा वाहत बसला असतास."

 खालच्याने गाडी चालवून दाजींना घरी सोडलं, बहिणीच्या हातात औषधांची पिशवी दिली आणि दारातूनच गेला. बहिणीने नवऱ्याला विचारलं, "काही बोलला का तो?"

"तो कशाला बोलतोय," वरचा म्हणाला.

आठवडाभर मांडीला पिशवी बांधून तो घरात येरझाऱ्या घालत होता आणि बायकोला हैराण करत होता. पाणी प्या म्हटलं की ओरडायचा, नाही म्हटलं की त्याहून. आठव्या दिवशी नळी निघाली. जळजळ झाली, डोळ्यांसमोर तारे चमकले, पण धार आली. बारीक, तुटक, पण धार. डॉक्टरबाईंनी पुन्हा बजावलं, तीन आठवडे शिडी नाही. घरी पाऊल टाकतो न टाकतो तोच त्याने सुपरवायझरला फोन केला. परवा येतोय. कागद? कागद मिळालाय, घेऊन येतो. बदली ऑपरेटरने तेवढ्यात भिंतीचं एक पॅनल आपटून फोडलं होतं, त्यामुळे सुपरवायझरनेही फार खोलात जायचं टाळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला वरचा शिडी चढला. तीन ठिकाणी थांबला, दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली, पण चढला. सीटवर बदली माणसाची फुलाफुलांची उशी होती, ती त्याने कोपऱ्यात भिरकावली. आपला कुबट वास असलेली केबिन, आपले दांडे, पायाखाली आपली काच. त्याला एवढा आनंद झाला, की घटकाभर त्याने कुणालाच शिव्या दिल्या नाहीत. सळ्यांचा गठ्ठा हुकाला लागला होता. त्याने दांड्यांवर हात ठेवले आणि खाली पाहिलं.

खालचा नेहमीच्या जागी उभा होता. दोन्ही हात बाजूला पसरलेले.

वरचा थांबला. थांबायलाच हवं. मिनिट गेलं, दोन गेली. हात तसेच. त्याने भोंगा वाजवला. हात तसेच. वॉकी-टॉकीवर सुपरवायझर ओरडायला लागला, काय अडचण आहे, कुणीतरी बोला! खालचा बोलला नाही. काँक्रीटवाले कामं टाकून बघायला आले. कुणीतरी खालच्याजवळ जाऊन हाका मारल्या, तर तो ढिम्म. त्याला बाजूला ओढणार कोण? थांबची खूण धरलेल्या सिग्नलमनला हात लावायचा नाही, हेही पहिल्याच दिवशी शिकवतात.

मग वरच्याचं लक्ष खालच्याच्या पायांकडे गेलं. दोन बुटांच्या मध्ये काहीतरी पिवळं होतं. त्याने डोळे बारीक केले आणि सीटखाली हात घातला. हात रिकामा फिरला. बाटली तिथे नव्हती. तो घरी पडून होता तेव्हा मेव्हण्यानेच चढून ती नेली असणार. आता ती खाली होती, त्याच्या पायांशी, पिवळं झाकण वर करून. बघणाऱ्या एवढ्या माणसांत तिचा अर्थ फक्त दोघांना कळत होता.

"हरामखोर," वरचा एकटाच म्हणाला.

उतरायचं नाही, असं त्याने ठरवलं. बघू याचे हात किती वेळ टिकतात. माणसाचे हातच ते. दहा मिनिटं, फार तर पंधरा. पण अकरा वर्षं रोज आरशासमोर पसरलेले हात होते ते. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. खालच्याचे खांदे थरथरताना वरून दिसत होते, आणि रेषा तसूभर ढळत नव्हती.

आणि नेमकी त्याच वेळी त्याला लागली. डॉक्टरबाईंनी सांगितली होती तशी, थांबवत नाही अशी. तो उठला, दाराकडे वळला, एकशे शहाऐंशी पायऱ्या डोळ्यांपुढे आल्या, पुन्हा बसला. मांड्या आवळल्या. दात आवळले. काही उपयोग झाला नाही. अकरा वर्षं ज्या धारेसाठी तो भिंतीकडे तोंड करून ताटकळला होता, ती आता न बोलावता आली, मोकळी, सरळ, थांबायचं नाव नाही. वाफेने आपलं काम वेळेआधीच चोख केलं होतं. पँट भिजली, सीट भिजली, पायाखालच्या काचेवर थारोळं झालं, आणि त्या थारोळ्यातून त्याला खाली मेव्हणा दिसत होता, हात पसरून.

वरचा रडला. रागाने रडला, त्याला विचारलं तर तो असंच सांगेल. पण मग त्याने वॉकी-टॉकी उचलला आणि बटण दाबलं.

"ऐका," तो म्हणाला. साइटभर पन्नास-साठ खांद्यांवरून त्याचा आवाज खरखरला. "अकरा वर्षांपूर्वी त्याने थांबच दाखवलं होतं. हळू नाही. मी बघत नव्हतो. माझ्या हातात बाटली होती. लघवीची. मी चौकशीत खोटं बोललो."

 काँक्रीटचं यंत्र तेवढं घरघरत होतं, तेही कुणीतरी बंद केलं. मग चॅनलवर दुसरा आवाज आला, स्टोअरच्या खिडकीतला.

"परत सांग."

वरच्याने परत सांगितलं. "थांब दाखवलं होतं. मी बघत नव्हतो."

"परत सांग," स्टोअरवाला म्हणाला. "नाव घेऊन सांग, कुणी दाखवलं होतं."

"माझ्या मेव्हण्याने," वरचा म्हणाला. "माझ्या बायकोच्या भावाने. त्याची काही चूक नव्हती. तुझा पाय माझ्यामुळे गेला."

 खिडकीची फळी धाडकन खाली पडल्याचा आवाज तेवढा आला.

खालच्याने हात खाली आणले. ते लगेच येईनात, अवघडले होते, हळूहळू आले. मग त्याने ते पोटासमोर एकमेकांत गुंफले. ही खूण दिवसातून एकदाच देतात. काम संपलं, आता उतर. ती देऊन त्याने नारिंगी हातमोजे काढले, बाटलीच्या शेजारी ठेवले, आणि वळून स्टोअरच्या दिशेने चालायला लागला. समोरून स्टोअरवाला कुबडी टेकत येत होता. सुपरवायझर फोन कानाला लावून कुणालातरी घाईघाईने हकिगत सांगत होता.

ओल्या सीटवर बसून वरचा काचेतून पाहत राहिला. कुणीतरी मान वर करावी असं त्याला वाटत होतं, शिवी द्यायला का होईना. पण ते दोघं एकमेकांसमोर उभे राहिले होते, बाकीचे त्यांच्याभोवती जमले होते, आणि वर कुणीच पाहत नव्हतं.